ओलसर परसात मांसल कोंबड्या: आधी पाण्याचा बंदोबस्त, मग पिल्लं

पाणी साचणाऱ्या परसात अंड्यांच्या कोंबड्या कशाबशा निभावून नेतात. ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबडीचं, तसं नाही. हा पक्षी सहा-सात आठवड्यांत दोन-अडीच किलोचा होतो आणि वजन वाढेल तसा दिवसातला बराचसा वेळ बसूनच काढतो. अंड्यांची कोंबडी चिखल दिसला की दांडीवर चढते, ब्रॉयलर त्याच चिखलात छाती टेकून बसतो. वाढीच्या मानाने पिसंही मागून भरतात, त्यामुळे छातीचा बराच भाग उघडाच राहतो आणि खालची ओल थेट कातडीला लागते. अंग थंड पडलं की खाल्लेलं खाद्य मांस होण्याऐवजी ऊब टिकवण्यात खर्च होतं. पक्षी मेला नाही तरी वजनात मार बसतोच.

म्हणून अशा जागी पहिला खर्च पाण्यावर करावा, पिल्लं नंतर आणावीत. आणि पाणी म्हणजे फक्त पाऊस नव्हे. पाणी चार वाटांनी येतं: वरून पावसाचं, बाजूने वाहत आलेलं, जमिनीखालून वर चढणारं, आणि चौथं खुद्द कोंबड्यांचं. पहिल्या तिघांचा बंदोबस्त करून लोक निर्धास्त होतात आणि चौथं पाणी आतूनच शेड भिजवतं.

त्याचा हिशेब बघा. पक्षी जेवढं खाद्य खातो त्याच्या साधारण पावणेदोन ते दोन पट पाणी पितो, उन्हाळ्यात याहून बरंच जास्त. एका पक्ष्याला विक्रीपर्यंत ४ किलोच्या आसपास खाद्य लागतं. २५ पक्ष्यांचं खाद्य झालं १०० किलो आणि पाणी १८० ते २०० लिटर. यातला लहान वाटा अंगात राहतो, बाकीचं विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच बाहेर पडतं. शेवटच्या आठवड्यात २५ पक्षी रोज आठ-नऊ लिटर पाणी पितात. बाहेर कडक ऊन असलं तरी हे पाणी चुकत नाही.

जागा आधी तपासून घ्या

एक फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता मोजा. दुसऱ्या खेपेला पाणी तासाला एक इंचही उतरत नसेल तर निचरा वाईट आहे असं धरून चाला. पहिल्या खेपेचं मोजमाप फसवं असतं, कारण कोरडी माती सुरुवातीला बरंच पाणी पिऊन घेते.

खड्डा नुसता मोकळा ठेवला तरी तळाशी किंवा बाजूने पाणी पाझरून येतंय का, तेही बघा. येत असेल तर भूजलच वर आलेलं आहे, आणि तिथे चर खणण्यात फारसा अर्थ नाही. चराला पाणी न्यायला सखल जागा हवी, ती नसेल तर चर म्हणजे लांबट डबकंच. अशा ठिकाणी उपाय एकच, वर उठणं. माती करडी-निळसर असेल, तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके असतील किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ती जमीन वर्षातले बरेच महिने पाण्याने भरलेली असते. तपासणी कोरड्या दिवसांत करत असाल तर या खुणा उपयोगी पडतात.

भूजल खोल असेल आणि पाणी नुसतंच उताराने वाहून येत असेल, तर काम सोपं आहे. शेडच्या वरच्या अंगाला आडवा चर काढा, एक फूट रुंद आणि दीड ते दोन फूट खोल. तळाला शंभरात एक एवढा उतार पुरे, म्हणजे १० फुटांत सव्वा इंच. चरात आधी जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरा, त्यावर थोडी खडी, मग भोकाचा पाइप, भोकं खालच्या बाजूला, आणि पुन्हा खडी. वर कापड दुमडून घ्या. कापड गाळलं तर दोन पावसाळ्यांत चिकणमाती खडीच्या पोकळ्या भरून टाकते. चिखलावर वाळू पसरणं हा आणखी एक फसवा उपाय. चिकणमातीत मिसळलेली थोडी वाळू तिला मोकळी करत नाही, उलट वाळल्यावर ती दगडासारखी होते.

ओटा

२५ पक्ष्यांना प्रत्येकी दोन चौरस फूट धरून ५ × १० फुटांचं शेड लागतं. एका चौरस फुटात एक पक्षी बसवला जातो, पण तो कोरड्या जागेचा आणि चांगल्या वाऱ्याच्या शेडचा हिशेब आहे. ओलसर परसात पक्षी कमी ठेवणं हा ओल कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

ओटा शेडपेक्षा चहूबाजूंनी एक फूट मोठा, म्हणजे ७ × १२ फूट करा. गवत आणि मुळं तेवढी खरवडून काढा. सपाट जागेवर खड्डा करून त्यात खडी भरली तर आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन बसतं, त्यामुळे जे काही भरायचं ते जमिनीच्या वर. आधी जिओटेक्स्टाइल, त्यावर ६ इंच मोठी खडी, त्यावर पुन्हा कापड, मग ४ इंच मुरूम, पाणी मारून धुम्मसने ठोकलेला. खडी लागते ४२ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि मुरूम ठोकण्याआधीच्या मापाने ३५ घनफुटांच्या आसपास.

मोठी खडीच का? बारीक मातीत बारीक छिद्रं असतात आणि त्यातून पाणी आपोआप वर चढतं. खडीतल्या पोकळ्या मोठ्या असल्याने हा चढ तिथे तुटतो. खडीऐवजी नुसती मातीची भर घातली तर उंची मिळते, पण ओल मागोमाग वर येते. सिमेंटचा कोबा करायचा असेल तर त्याखाली जाड प्लॅस्टिक कागद हवाच, नाहीतर कोबाही खालून ओलावतो. ओट्याचा माथा पाणी साचण्याच्या सगळ्यात उंच खुणेपेक्षा निदान ६ इंच वर राहिला पाहिजे. शेडच्या कडेने विटांचा ६ ते ९ इंचांचा कठडा केला की गादी, म्हणजे खाली अंथरलेलं तूस, बाहेर सांडत नाही आणि शिंतोडेही आत येत नाहीत.

जाळीच्या उंच तळाचा पिंजरा करून विष्ठा खाली पाडण्याचा मोह होतो. ब्रॉयलरला उघडी तारेची जाळी नको. जड पक्षी तारेवर बसून बसून त्याच्या छातीवर फोड येतात आणि पायाचे तळवे सोलतात.

छप्पर आणि वारा

वळचण चारी बाजूंनी ३ फूट बाहेर काढा. ५ × १० च्या शेडवर छप्पर मग ११ × १६ फुटांचं होतं, साधारण १६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० मिलिमीटरच्या एका दमदार सरीत या छपरावरून ८०० लिटर पाणी खाली येतं. पन्हाळ नसेल तर ते सगळं पागोळ्यांवाटे ओट्याच्या भोवतीच पडतं आणि आपणच केलेल्या ओट्याला वेढा घालतं. पन्हाळ लावा आणि पाइपने ते पाणी शेडच्या खालच्या अंगाला दूर सोडा.

पाऊस लागला की सगळ्या बाजूंना प्लॅस्टिक बांधून शेड गच्च बंद करायची, ही सगळीकडे दिसणारी चूक. आतली वाफ मग जाणार कुठे? ती थंड पत्र्याला लागते आणि पहाटे थेंब थेंब गादीवर पडते. लोक पत्र्याला गळती शोधत बसतात, भोक मात्र सापडत नाही. पडदा खालून वर ओढायचा असावा आणि वळचणीखाली ९ ते १२ इंचांची फट चोवीस तास उघडी राहावी. कोंबड्यांच्या अंगाची गरम, दमट हवा वर चढते आणि त्या फटीतून निघून जाते. झोत पक्ष्यांच्या अंगावर नको, डोक्यावरून वाहणारा वारा मात्र हवाच.

गादी

खाली तूस किंवा लाकडाच्या रंध्याच्या साली घाला. करवतीचा बारीक भुसा नको, पिल्लं तो खातात आणि ओला झाला की त्याचे गठ्ठे बांधतात. वर्तमानपत्रावर तर पाय घसरून पिल्लांचे पाय फाकतात. सुरुवातीची जाडी ३ इंच. ५० चौरस फुटांना साडेबारा घनफूट तूस लागतं, वजनाने ३५ ते ४० किलो. मग दर आठवड्याला इंचभर नवीन भर.

आता मघाचा आकडा आठवा: ४० किलो तूस आणि १८० लिटर पाणी. एवढं पाणी एवढ्या तुसात मावणारच नाही. गादी पाणी साठवायला नसते. ती दिव्याच्या वातीसारखी काम करते, पाणी आपल्या अंगात पसरवून हवेला देते. हवा हलत नसेल तर कितीही तूस ओता, चार दिवसांत पुन्हा तीच राड.

ओल तपासायची ती मुठीने. भांड्यांपासून लांबची एक मूठ गादी उचला, घट्ट दाबा आणि हात उघडा. किंचित चिकटून लगेच सुटली तर ओलावा २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आहे, हवा तसा. अजिबात चिकटली नाही तर फार कोरडी, धूळ उडेल. गोळा तसाच राहिला तर ओलावा हद्दीबाहेर गेलेला आहे. रोज सकाळी दंताळ्याने गादी खालीवर करा, पण पापुद्रे धरलेली ओली ढेकळं मोडून आत मिसळू नका. ती उचलून बाहेर टाका आणि त्या जागी कोरडं तूस घाला. ओली गादी हलवताना कोंडलेला अमोनिया एकदम सुटतो, म्हणून त्या वेळी पडदे खाली सोडून बाजू उघड्या असाव्यात.

अमोनिया येतो कुठून? कोंबड्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं, आणि ओल व ऊब मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हवेत त्याचं प्रमाण २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भाग) वर गेलं की श्वासनलिकेचं अस्तर खराब व्हायला लागतं. त्याहून बरंच वाढलं की डोळे सुजतात, पाणी गळतं, बुबुळावर व्रण येतात आणि पक्षी खाद्यापर्यंत जात नाही. आपलं नाक या वासाला सरावतं, त्यामुळे शेडमध्ये शिरल्यावर पहिल्या मिनिटातला वास खरा. तोही उभ्याने नाही, गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीवर घ्यावा.

वास आला की गादीवर चुना भुरभुरतात. चुन्याने थोडी ओल शोषली जाते, पण गादी अल्कधर्मी होते आणि अल्कधर्मी गादीतून अमोनिया जास्तच सुटतो. शिवाय तो पक्ष्यांच्या पायांना आणि डोळ्यांना चावतो. चुना वापरायचाच असेल तर दोन बॅचच्या मधे, मोकळ्या ओट्यावर.

ओल्या गादीचा पहिला पुरावा पायांवर दिसतो. आठवड्यातून एकदा पाच-सहा पक्षी उचलून तळवे बघा. तळव्याच्या मध्यावर काळसर खपली, घोट्याच्या सांध्यावर तपकिरी डाग आणि छातीवर मळकी, चिकटलेली पिसं दिसली तर गादीने आधीच चटके दिलेले आहेत. लंगडा पक्षी पाण्यापर्यंत जायचा कंटाळा करतो आणि आणखी बसून राहतो.

पाण्याची भांडी

गादीतली सगळ्यात ओली जागा बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याभोवतीच असते. उघड्या भांड्याची कड उभ्या पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी आणि ती दर तीन-चार दिवसांनी वर उचलत न्यायची. निपल, म्हणजे चोच लागली की थेंब सोडणारी तोटी, असेल तर पक्ष्याने मान वर ताणून प्यायला हवं, म्हणजे सांडलेला थेंब चोचीतच जातो. १० पक्ष्यांना एक निपल पुरे. बादली निपलच्या फार वर टांगली तर दाब वाढून निपल गळतात, तळहात निपलखाली धरून पाहिलं की लगेच कळतं. भांडी शेडच्या एका कडेला, जाळीने झाकलेल्या खडीच्या ट्रेवर ठेवा आणि ट्रेला बाहेर जाणारी नळी जोडा.

सगळी भांडी ठाकठीक असूनही विष्ठा पातळच येत असेल तर खाद्य बघा. मीठ जास्त झालं की पक्षी पाणी जास्त पितो. प्रथिनं गरजेपेक्षा जास्त असली तरी तेच होतं, कारण जादा नायट्रोजन बाहेर टाकायला पाणी लागतं.

खाद्याची पोती जमिनीपासून निदान ६ इंच वर, फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब. दमट हवेत दोन आठवड्यांपेक्षा जास्त साठा नको. बुरशी आलेलं खाद्य उन्हात वाळवून वापरू नये. बुरशी मरते, पण तिने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष तसंच राहतं आणि यकृतावर घाव घालतं.

ओलीबरोबर येणारे आजार

पहिला मान रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सीडिओसिसचा. आयमेरिया नावाचा परजीवी आतड्यात वाढतो आणि त्याची अंडकं विष्ठेतून बाहेर पडतात. बाहेर पडल्या पडल्या ती रोग देत नाहीत. त्यांना ओल, ऊब आणि ऑक्सिजन लागतो, आणि २५ ते ३० अंश तापमानात हे तिन्ही मिळालं की एक-दोन दिवसांत ती पिकतात. तोपर्यंत गादी कोरडी झाली तर बरीचशी वाया जातात. ओल्या गादीत मात्र दर आठवड्याला नवी पिढी आणि प्रत्येक पिढीत कितीतरी पट वाढ. म्हणून तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एकाएकी पंख पाडून, डोळे मिटून बसलेले पक्षी आणि विष्ठेत रक्त दिसतं. नेहमीची जंतुनाशकं या अंडकांच्या जाड कवचापुढे चालत नाहीत. कोरडेपणा आणि उष्णता चालते.

औषधांत अँप्रोलियम पाण्यातून देतात. हे औषध परजीवीला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मिळू देत नाही. त्यामुळे उपचार चालू असताना ‘ताकद यावी’ म्हणून ब-जीवनसत्त्वाचं टॉनिक दिलं तर औषधाचा जोर कमी होतो. मात्रा आणि विक्रीआधी किती दिवस औषध बंद ठेवायचं, हे पशुवैद्याकडून लिहून घ्या. खाद्यात आधीच मोनेन्सिनसारखं प्रतिबंधक औषध आहे का, तेही विचारा. परसात घोडा असेल तर असं खाद्य त्याच्या तोंडी लागू देऊ नका, मोनेन्सिन घोड्याला थोड्या मात्रेतही मारक ठरतं.

पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लं तोंड उघडून धापा टाकत असतील आणि छातीत घरघर नसेल, तर बुरशीच्या तुसाचा संशय घ्या. कुबट वासाचं तूस वाळवलं तरी त्यातले बीजाणू राहतात. असं तूस शेडमध्ये आणूच नये.

साचलेल्या डबक्याचा धोका वेगळाच. त्यावर रानबदकं आणि इतर पाणपक्षी उतरतात, आणि बर्ड फ्लूचा विषाणू थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो. डबकं बुजवता येत नसेल तर कोंबड्यांना तिकडे जाऊ देऊ नका, ते पाणी भांडी धुवायलाही नको आणि शेडमध्ये जायची चप्पल वेगळी ठेवा. मेलेला पक्षी त्याच दिवशी उचला. कुजलेल्या अंगावरच्या अळ्या इतरांनी खाल्ल्या तर बोटुलिझमने, म्हणजे जिवाणूच्या विषबाधेने, त्यांच्या माना लुळ्या पडतात.

पिल्लं कधी आणायची

ब्रॉयलरचा मोठा फायदा म्हणजे तो थोडक्या दिवसांचा पाहुणा आहे. अंड्यांच्या कोंबड्यांना सगळे ऋतू काढावे लागतात, ब्रॉयलरला सहा-सात आठवडे. आपल्या भागात पाऊस कधी थांबतो ते धरून मागे मोजा आणि शेवटचे चार आठवडे कोरड्या दिवसांत येतील असं बघा. सगळ्यात जास्त पाणी पिण्याचे आणि जास्त घाण करण्याचे दिवस तेच. पहिले तीन आठवडे पिल्लं ब्रूडरमध्येच, म्हणजे ऊब देणाऱ्या बंदिस्त जागेतच असतात, तेव्हा बाहेर पाऊस असला तरी चालतं. पिल्लं यायच्या आधी २४ तास ब्रूडर चालू ठेवा. हवा गरम आणि गादी गार असेल तर पिल्लं पायांतूनच गारठतात. पहिल्या आठवड्यात गादीच्या पातळीला ३२ ते ३४ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी.

तळ नसलेलं, रोज पुढे सरकवायचं चालतं खुराडं कोरड्या गवतावर उत्तम. पाऊल टाकल्यावर ठशात पाणी भरत असेल तर त्या दिवसांत ते विसरा. विष्ठा जिरत नाही, माती दबते आणि निचरा आणखी बिघडतो.

बॅच निघताना

कापण्याआधी ८ ते १२ तास खाद्य बंद, पाणी मात्र पकडेपर्यंत चालू. आदल्या दोन दिवसांत गादीवर कोरड्या तुसाचा दोन इंचांचा थर द्या. चिखल-विष्ठेने माखलेली पिसं गरम पाण्यात बुडवली की एका पक्ष्याची घाण पुढच्या सगळ्यांना लागते.

पक्षी निघाले की गादी त्याच दिवशी बाहेर काढा आणि विहिरीपासून लांब, उंचवट्यावर, झाकून ढीग लावा. उघड्या ढिगातून झिरपणारं पाणी थेट भूजलात जातं. ढिगात ओलावा निम्म्याच्या आसपास ठेवला आणि आतलं तापमान तीन दिवस ५५ अंशांच्या वर राहिलं तर बहुतेक रोगजंतू मरतात. मग ढीग उलटा, म्हणजे बाहेरचा थर आत जाईल. ओटा खरवडून दोन आठवडे उघडा, वाळत ठेवा. मुरूम जिथे खचला असेल तिथे भर घालून पुन्हा ठोका, पन्हाळीतला पाला काढा आणि चराच्या तोंडाशी बादलीभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला निघतंय का ते बघा. निघत नसेल तर पुढची पिल्लं अजून मागवू नका.